तिरपा तडा

नागपूरला इंजिनिअरिंगचा पदव्युत्तर अभ्यास करताना माझा विषय होता काँक्रीटमधले तडे. तडा कुठून सुरू होतो, कसा वाढतो, आणि कोणत्या क्षणी थांबवण्यापलीकडे जातो, याचं गणित मांडायचं. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा कॉम्प्युटर सेंटरच्या खिडकीत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आकड्यांनी भरलेला लांबलचक कागद घेऊन यायचा. त्या कागदावर माझ्या तड्यानं दोन वर्षं माझं सगळं ऐकलं. मी सांगितलं तिथून तो निघाला आणि मी सांगितलं तिथं पोचला.

बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून नोकरी लागली ती गडचिरोली जिल्ह्यात. जिल्हा नवा होता, चंद्रपुरातून नुकताच वेगळा निघालेला, आणि ऑफिसांमध्ये अजून जुन्या जिल्ह्याचे शिक्के चालत होते. वडील मूल तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षक. त्यांनी माझं नियुक्तीपत्र बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवलं, दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, "जंगलात राहशील ना?" मी हो म्हणाले. मला वाटलं होतं की जंगल हीच काय ती अडचण असेल.

अहेरीकडे जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा माझ्याकडे आला. त्यात मोऱ्या होत्या, पावसात पाण्याखाली जाणारे रपटे होते आणि एका मोठ्या नाल्यावर तीन गाळ्यांचा काँक्रीटचा पूल होता. प्रत्येक गाळ्याखाली तीन गर्डर, म्हणजे पुलाचं वजन पेलणाऱ्या जाड आडव्या तुळया. पावसाळा सोडला तर नाल्यात रेतीच रेती. पुलावरून दिवसभर सागवानाचे आणि बांबूचे ट्रक जायचे, बाजाराच्या दिवशी भरलेल्या बसगाड्या जायच्या.

रस्त्याच्या गँगचा मुकादम पन्नाशीचा होता. सडपातळ, कमी बोलणारा, कानाला बिडी खोचलेला. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला म्याडम म्हणायचे. पहिल्या आठवड्यात मी काय सांगतेय याच्याकडे त्यांचं अर्धंच लक्ष असायचं. बाईमाणूस साहेब म्हणून आलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. पण मी शिडी लावून पुलाखाली चढले, गर्डरच्या पोटावर हात फिरवत टोकापर्यंत गेले, तेव्हापासून ते शिडी धरायला स्वतः येऊ लागले.

गर्डरच्या मध्यभागी खालच्या बाजूला केसासारख्या उभ्या भेगा होत्या. अशा भेगा बहुतेक पुलांना असतात. तरी मी त्यांच्यावर काचेच्या पातळ पट्ट्या सिमेंटनं चिकटवल्या. भेग थोडी जरी उघडली तरी वरची काच तडकते आणि आपल्याला कळतं. दर दोन दिवसांनी जाऊन मी काचा पाहायची. एकही तडकली नाही. वहीत "ठीक" असं लिहून मी परत यायची आणि मनातून जरा खूशही असायची, कारण माझ्या अभ्यासातले तडेही असेच मधले, उभे होते.

फेब्रुवारीत एक दिवस पुलाखाली एक गोंड बाई झिरा खणताना दिसली. झिरा म्हणजे पाण्यासाठी रेतीत केलेला खड्डा; हळूहळू त्यात स्वच्छ पाणी साचतं. तिचा जुना झिरा काठाकडच्या आधाराजवळ, दिवसभर सावली असेल अशा जागी होता. तो सोडून ती उन्हात दुसरा खणत होती. मी मुकादमांना म्हटलं, "विचारा ना भाऊ, सावली सोडून उन्हात का खणते?"

ते तिच्याशी गोंडीत बोलले. मग माझ्याकडे वळले.

"ते म्हणते, गाडी गेली का पाण्यात बारीक गिट्टी पडते वरून. पाणी खराब होते."

"कधीपासून?"

त्यांनी पुन्हा विचारलं. "दिवाळीनंतर सुरू झालं म्हणते. आता जास्ती पडून राह्यली."

मी वर पाहिलं. जुना झिरा गर्डरच्या टोकाखाली होता, जिथे गर्डर काठाच्या आधारावर टेकतो. मी इतके दिवस मध्ये पाहत होते. शिडी टोकाला लावली. तिथे कोळ्यांची जाळी होती, धूळ होती, वरून झिरपलेल्या पाण्याचे पांढरे ओघळ होते. मी ब्रशनं घासलं. ओघळाखालून एक रेघ निघाली. आधाराजवळ खालून सुरू होऊन ती तिरपी वर, गाळ्याच्या मध्याकडे झुकत गेली होती. नखाला लागत होती. वरून एक ट्रक गेला आणि त्या रेघेतून चिमूटभर काँक्रीटचं पीठ माझ्या मनगटावर पडलं.

मी बराच वेळ शिडीवरच थांबले. मधली उभी भेग आणि टोकाची तिरपी भेग यांत फार फरक आहे. मध्ये भेगा पडतात तेव्हा आतल्या सळया ताणल्या जातात, गर्डर वाकतो, खाली झुकलेला दिसतो, माणसाला सावध व्हायला वेळ देतो. टोकाचा तिरपा तडा वेळ देत नाही. त्याला आडवं धरून ठेवतात त्या रिंगा, सळयांच्या भोवती चौकोनी वळवलेल्या बारीक सळया. रिंगा पुरेशा असतील तर तडा जागच्या जागी अडतो. नसतील तर गर्डर कापल्यासारखा सुटतो.

संध्याकाळी ऑफिसात जुना नकाशा काढला. टोकाला रिंगा दाट दाखवलेल्या होत्या, अगदी हव्या तशा. मी निःश्वास सोडला. तरीही उपअभियंता साहेबांना सांगायला गेले. साहेब पुण्याकडचे होते, माणूस वाईट नव्हता. त्यांच्याकडे एकच जीप होती आणि सगळ्या उपविभागाचे रस्ते त्यांच्या टेबलावर येऊन पडत होते. त्यांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "रिंगा आहेत ना? मग काँक्रीटला रेघ पडणारच. लक्ष ठेवा."

मी तिरप्या तड्यावर तीन काचा लावल्या. तड्याच्या वरच्या टोकाला पेन्सिलनं खूण करून तारीख लिहिली. आठव्या दिवशी पहिली काच दोन तुकड्यांत होती. पेन्सिलच्या खुणेपुढे तडा बोटभर गेला होता.

तेव्हा मी ठरवलं की हाच गर्डर लहान करून बनवायचा आणि तो कसा तुटतो ते पाहायचं. गोदामामागच्या पडवीत सागाच्या फळ्यांचे साचे केले. चार चार फुटांचे गर्डर, त्याच नाल्याची रेती, प्रमाणात बारीक केलेल्या सळया. मी नकाशा मांडीवर घेऊन बसले होते आणि मुकादम रिंगा बांधत होते. चार रिंगा बांधल्या आणि ते थांबले. तार हातातच राहिली.

"म्याडम, एवढ्या रिंगा तिथी नाई जी."

"म्हणजे?"

"मी होतो त्या कामावर. तवा मी मजूर होतो. रिंगा कमी पडल्या होत्या. दुसरा माल यायले उशीर होता, अन् ठेकेदाराले काँक्रीटची ढलाई उरकायची होती. मग होत्या तेवढ्याच पसरवून टाकल्या."

"किती अंतरावर?"

त्यांनी वीत जमिनीवर टेकवली, मग दुसरी, मग जरा थांबून आणखी चार बोटं. नकाशात जिथे तीन रिंगा होत्या, तिथे एक.

"सगळ्या गर्डरांत?"

"नाई. शेवटच्या गाळ्यात फक्त, अहेरीकडच्या. तडा गेला तोच." मग हळू आवाजात म्हणाले, "मी सांगतलं असं कुठी लिवू नका जी. बांधल्या तर माह्याच हातानं ना."

मी लिहिणार नाही म्हणाले. त्या दिवशी आम्ही दोन प्रकारचे गर्डर ओतले. दोन नकाशाप्रमाणे, दोन त्यांच्या आठवणीप्रमाणे. मग महिनाभर ओल्या पोत्यांनी झाकून, पाणी मारत वाट पाहिली. वाट पाहायला पर्याय नव्हता. कच्च्या काँक्रीटनं काहीच खरं सांगितलं नसतं. त्या महिन्यात दुसरी काच गेली. मी रात्री झोपताना नाल्यावरून जाणारे ट्रक मोजत नव्हते, पण दिवसा प्रत्येक ट्रकचा आवाज आला की बोलणं अर्धवट सोडून पुलाच्या दिशेनं बघायची.

मार्चच्या शेवटी तपासणी सुरू झाली. आमची यंत्रणा साधी होती. सागाची लांब बल्ली, म्हणजे जाड वासा, तिचं एक टोक जमिनीत गाडलेल्या कडीखाली, मध्ये तिचा भार लहान गर्डरवर, आणि दुसऱ्या टोकाला रेती भरलेलं पिंप. गँगमधले दोघे ते टोक उचलायचे आणि सोडायचे. सोडलं की एक ट्रक गेला. उचललं की पूल रिकामा. मी गुडघ्यांवर बसून तड्याचं टोक पेन्सिलनं गाठत होते आणि ग्राफच्या कागदावर ठिपके देत होते.

नकाशाप्रमाणे केलेल्या गर्डरला तडे पडले, तो झुकला, आणखी झुकला. पिंपात रेती वाढवत गेलो तरी तो तुटेना. गँगचे लोक हसायला लागले. मग दुसरा ठेवला. त्यालाही तोच भार. तिरपी रेघ सकाळीच दिसली. दिवसभर ती हळूहळू सरकली, इतकी हळू की मला वाटायला लागलं मी उगाच घाबरले. दुसऱ्या दिवशी दुपारी ठिपके एकदम वर चढायला लागले. मी भार कमी करायला सांगितला, कारण त्या टप्प्यावर वाढ नीट टिपायची होती. पिंपातली रेती जवळपास तिसरा हिस्सा काढली. दोघांनी बल्ली उचलली, सोडली.

बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. गर्डरचं टोक आधारावर तसंच बसलेलं होतं आणि बाकीचा गर्डर खाली जमिनीवर होता. वाकणं नाही, कुरकुर नाही. आदल्या दिवशी भरलेलं पिंप शेकडो वेळा सोसणारा गर्डर कमी भाराखाली गेला होता. मुकादम तुटलेल्या तोंडाजवळ बसले. तिथे त्यांची एक रिंग उघडी पडून वाकडी झाली होती. ते तिच्याकडे पाहत राहिले.

मी ग्राफ घेऊन साहेबांकडे गेले. खऱ्या पुलावरच्या खुणा त्याच प्रमाणात त्याच कागदावर लाल पेन्सिलनं टाकल्या होत्या. लहान गर्डरचे ठिपके जिथून एकदम वर चढले होते, त्या वळणापर्यंत लाल ठिपके पोचले होते.

"पूल बंद करावा लागेल," मी म्हणाले.

त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. "लाकडाचा हंगाम चालू आहे. पलीकडे इतकी गावं आहेत. खालून रेतीतून रस्ता करायला दोन-तीन आठवडे जातील. बंद करायला मला वरून मंजुरी लागेल आणि वर विचारतील, कधी पडणार? तुम्ही दिवस सांगू शकता?"

"नाही."

"आठवडा?"

"नाही सांगता येत, सर. कसा पडेल ते सांगता येतं. सूचना न देता पडेल."

"आणि नकाशात तर रिंगा आहेत. त्या नाहीत हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी लाल ठिपक्यांवर बोट ठेवलं. शेवटी आमच्यात जे ठरलं ते असं: खालून रस्ता करायचं काम लगेच सुरू करायचं. तोवर लाकडाच्या डेपोतून सागाचे स्लीपर, म्हणजे जाड चौकोनी ओंडके, आणून तडा गेलेल्या टोकाखाली त्यांची चवड रचायची, म्हणजे गर्डर सुटला तरी तिच्यावर बसेल. लाकडाचे ट्रक थांबवायचे. बसगाड्या चालू राहतील. बस ट्रकच्या मानानं हलकी आहे, असं ते म्हणाले. मी मान डोलावली.

त्या मान डोलावण्याचा मी पुढे अनेकदा विचार केला आहे. लहान गर्डर कमी भाराखाली तुटलेला मी स्वतः पाहिला होता, चार दिवसांपूर्वी. पण साहेबांनी ट्रक थांबवायला होकार दिला होता. एवढं पदरात पडलंय, आणखी ताणलं तर तेही जाईल, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, एका नव्या बाई इंजिनीअरच्या शब्दावर रस्ता बंद झाला आणि पूल महिनाभर तसाच उभा राहिला तर लोक काय म्हणतील, याचीही भीती होती.

दुसऱ्या दिवशी स्लीपर आले. ट्रकवाले दोन्ही काठांवर अडकले. एक ड्रायव्हर खाली उतरून माझ्यासमोर उभा राहिला. "म्याडम, मी पाच वर्षं झाले या पुलावरून जाऊन राह्यलो. काल चांगला होता, आज काऊन बंद?" त्याला काय दाखवणार? मी त्याला खाली नेलं, तडा दाखवला. त्याने बोट लावून पाहिलं, बोटावरचं पीठ लुंगीला पुसलं आणि वर जाऊन ट्रकच्या सावलीत झोपला.

चवड दोन आडवे, दोन उभे अशी चढत गेली. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गर्डरच्या पोटाखाली पोचली. आता फक्त पाचरी ठोकायच्या होत्या, म्हणजे चवड आणि गर्डर यांच्यातली फट बंद होईल. नियम मी घातला होता: काठावरचा झेंडेवाला शिट्टी वाजवेल तेव्हा सगळ्यांनी पुलाखालून बाहेर यायचं, गाडी जाऊ द्यायची, मग पुन्हा आत. दिवसभर तसंच चाललं होतं.

डावीकडच्या पाचरी बसल्या. उजवीकडची जोडी सैल होती. मुकादम चवडीवर चढून एका हातानं पाचर धरून होते, दुसऱ्या हातात घण. तेवढ्यात शिट्टी वाजली. बाजाराचा दिवस होता, अहेरीहून भरलेली बस येत होती. बाकीचे बाहेर निघाले. मुकादमांनी माझ्याकडे पाहिलं.

"बसच आहे, भाऊ," मी म्हणाले. "तेवढी बसवून घ्या, मग निघू."

त्यांनी पाचर नीट धरली. मी चवडीच्या पायथ्याशी होते. बसचं चाक पुलाच्या सांध्यावर चढल्याचा ठोका ऐकू आला. मग तो आवाज झाला, पडवीतला तोच आवाज, पण इतका मोठा की कानात नुसती शिट्टी उरली. गर्डर दोन बोटं खाली आला आणि चवडीवर बसला. सगळ्यात वरचा स्लीपर चिरकला. धुळीनं काही दिसेना. धुळीतून मला वरच्या बसचं इंजिन ऐकू येत होतं. ते थांबलं नाही. पुढे गेलं, दुसऱ्या गाळ्यावर, तिसऱ्यावर, काठावर.

"भाऊ," मी हाक मारली.

"हाव," ते म्हणाले. आवाज शांत होता. "हात अडकला जी."

डाव्या हाताची दोन बोटं पाचर आणि गर्डर यांच्यामध्ये होती. लोक धावत आले. स्लीपरचा कोपरा कुऱ्हाडीनं फोडून हात काढायला पाच-सहा मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ आम्ही सगळे तुटलेल्या गर्डरखाली उभे होतो आणि कोणालाही बाहेर जायचं सुचलं नाही. मुकादम माझ्या खांद्याला उजव्या हातानं धरून होते. एकदाच म्हणाले, "घाई नका करू."

बस काठावर थांबली होती. ड्रायव्हर खाली आला, त्याला वाटलं टायर फुटला. त्याने गर्डर पाहिला आणि रेतीत बसला. मग उठून प्रवाशांना उतरवलं, त्याच बसमध्ये मुकादमांना झोपवलं आणि उलट न जाता पुढच्या दवाखान्याकडे नेलं. मी सोबत बसले. वाटेत त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

पूल त्याच संध्याकाळी बंद झाला. साहेब जीपनं आले, टॉर्च मारून तडा पाहिला. तो आता हात जाईल एवढा रुंद होता आणि आत पाहायला कोणाच्या आठवणीची गरज उरली नव्हती. रिंगा मोजता येत होत्या. "मी ऐकायला हवं होतं," ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं नाही की मीही माझं ऐकलं नव्हतं. पुढे चौकशी झाली. रिंगा कमी असल्याचं कसं कळलं, या प्रश्नाला मी लिहिलं, गर्डर तुटल्यावर दिसल्या. ते खोटं नव्हतं.

मुकादमांची दोन बोटं गेली. चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर बसून उजव्या हातानं भात खात होते. मी किती दिवस मनात घोळवलेलं वाक्य बोलून टाकलं. "मी सांगितलं म्हणून तुम्ही थांबलात, भाऊ. मी बाहेर या म्हणायला हवं होतं."

त्यांनी घास संपवला. "तुमी नसत्या म्हनल्या तरी मी थांबलो असतो का नाई, मले मालूम नाई." मग ताट बाजूला ठेवलं. "रजेचा अर्ज लिवून द्या. सरकारी भाषेत माह्याकडून लिवनं होत नाई."

मी तिथेच बसून अर्ज लिहिला. कारणाच्या जागी लिहिलं: पुलाखाली पाचर बसवताना, कनिष्ठ अभियंत्याच्या सांगण्यावरून थांबले असता, गर्डर खाली येऊन दुखापत. ऑफिसातून तो अर्ज परत आला. कनिष्ठ अभियंत्याचा उल्लेख कारकुनानं खोडला होता आणि समासात लिहिलं होतं, अनावश्यक. मी दुसऱ्या कागदावर तेच शब्द पुन्हा लिहिले. तोही परत आला. तिसऱ्यांदा मी तो स्वतः घेऊन गेले आणि कारकुनाच्या टेबलासमोर उभी राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि आवक-जावकचा शिक्का मारला.